शब्द भेटत राहिले पाहिजेत

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिका सकाळी सातलाच भरतात. बँकेच्या, स्टाफ सिलेक्शनच्या, एमपीएससीच्या परीक्षांची तयारी करणारी ही मुलंमुली बहुतेक मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली, आणि बहुतेक मराठी माध्यमातली. गणिताची, बुद्धिमत्ता चाचणीची त्यांना फारशी धास्ती नसते. धास्ती असते ती इंग्रजीच्या पेपरची. म्हणून जवळपास प्रत्येकाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही दिसते आणि तिच्यात पट्टीनं आखलेले तीन रकाने : शब्द, उच्चार, अर्थ.

परभणी जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीनं तिची वही मला पाहू दिली. अक्षर नेटकं, शब्द निळ्या शाईत, अर्थ लाल शाईत. सुरुवात ‘अबॅन्डन – सोडून देणे’पासून. मग ‘अबेट – कमी होणे’, ‘अब्स्कॉन्ड – फरार होणे’, ‘अ‍ॅक्रिमनी – कडवटपणा’. इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं रोज वीस शब्द असा तिचा नेम होता आणि वही ‘डी’पर्यंत आली होती. पानं चाळताना तिला जवळजवळ सगळे शब्द ओळखीचे वाटत होते. अर्थाचा रकाना हातानं झाकल्यावर मात्र निम्म्याहून जास्त शब्दांना ती अडली. वहीच्या शेवटच्या पानांवर पत्रलेखनाचा सराव होता. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे लिहिताना तिनं ‘मिस्टेक’च्या आधी ‘डिड’ लिहून खोडलं होतं, मग ‘गेव्ह’ लिहून खोडलं होतं, आणि शेवटी जागा मोकळी सोडली होती. ‘अब्स्कॉन्ड’ पाठ असलेल्या मुलीला ‘मेड’ सुचलं नव्हतं.

या मुलीची मेहनत कमी नाही, बुद्धी तर मुळीच कमी नाही. पण कोणते शब्द आधी शिकायचे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आणि शिकलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी सोय तिच्या शाळेनं किंवा अभ्यासक्रमानं केलेली नाही. या दोन्ही प्रश्नांवर गेली शंभर वर्षं जगात गांभीर्यानं काम झालं आहे. त्यातलं एक मोठं काम तर आपल्याच उपखंडातल्या वर्गखोल्यांतून उभं राहिलं. मराठी माध्यमातल्या मुलांपर्यंत ते अजून नीट पोहोचलेलं नाही, म्हणून हा लेख.

ढाक्यात विचारलेला प्रश्न

मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणाधिकारी १९२०च्या दशकात ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य होते. बंगालमधली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी साधं पुस्तक त्यांना वाचता येत नाही, हे त्यांना दिसत होतं. शिवाय बरीचशी मुलं शाळा अर्ध्यावर सोडत. १९२६मध्ये बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर लिहिलेल्या ग्रंथात वेस्ट यांनी विम्याच्या व्यवहारातली एक संज्ञा वापरली : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच बंद केली तर हातात किती पडतं? त्याच हिशेबानं, एखादं मूल तीन-चार वर्षं इंग्रजी शिकून शाळेबाहेर पडलं, तर त्याच्या पदरात काय पडतं? त्या काळच्या अभ्यासक्रमात फार काही पडत नव्हतं, कारण तो शेवटपर्यंत पोहोचणाऱ्या मोजक्या मुलांसाठी आखलेला होता.

वेस्ट यांनी वाचनाची पुस्तकं नव्यानं लिहायला घेतली. जुनाट, क्वचित भेटणारे शब्द काढून रोजच्या वापरातले घातले. एका पानावर नव्या शब्दांची गर्दी होऊ दिली नाही, आणि एकदा आलेला शब्द पुढच्या पानांवर परत परत येईल याची काळजी घेतली. १९३५मध्ये त्यांनी जे. जी. एन्डिकॉट यांच्यासह परभाषिकांसाठी कोश काढला. त्यात सुमारे २४ हजार नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत समजावले आहेत. पुढे १९५३मध्ये त्यांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. इंग्रजीतले सर्वांत उपयोगी असे साधारण दोन हजार शब्द तिच्यात आहेत. प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा वापरात येतो, हेही तिच्यात नोंदवलेलं आहे. संगणक हाताशी नसताना, लाखो शब्दांचा मजकूर माणसांनी मोजून ही यादी घडवली.

परभणीच्या त्या मुलीच्या वहीला वेस्ट यांचा प्रश्न लावून पाहा. तिनं आज, ‘डी’वर, अभ्यास थांबवला तर तिच्या हातात काय उरतं? ‘अ‍ॅक्रिमनी’ उरतो, ‘मेक’ उरत नाही. वर्णमालेचा क्रम कोशात शब्द शोधण्यासाठी सोयीचा असतो. भाषा शिकण्याचा क्रम वापरानं ठरतो.

पन्नासात एक

शब्दसंग्रहावरचं आजचं बरंचसं संशोधन न्यूझीलंडमधल्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनचे पॉल नेशन यांच्या कामाभोवती उभं आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : कुणाच्या मदतीशिवाय मजकूर समजायचा, तर त्यातले किती शब्द आधीच माहीत असावे लागतात? त्यांचं उत्तर सुमारे ९८ टक्के. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी.

परीक्षेतला तीनशे शब्दांचा उतारा घ्या. ९८ टक्के शब्द येत असतील, तर सहा शब्द अडतील आणि त्यांचा अर्थ संदर्भानं लागेल. ९५ टक्के येत असतील तर पंधरा अडतील आणि वाचन रखडेल. ८० टक्केच येत असतील तर साठ शब्द अडतील, आणि मग उरलेले शब्द ओळखीचे असूनही उताऱ्याचा सूर लागणार नाही. पुष्कळ विद्यार्थी नेमके इथे असतात आणि आपल्याला इंग्रजी जमणारच नाही असं ठरवून मोकळे होतात.

९८ टक्क्यांपर्यंत जायला किती शब्द लागतात? नेशन यांच्या २००६च्या अभ्यासानुसार कादंबऱ्या, वृत्तपत्रं यांसाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं, आणि बोलण्यासाठी सहा ते सात हजार. शब्दकुटुंब म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसाइडेड’, ‘डिसिजन’ अशी एका मुळाची सगळी रूपं मिळून एक. आकडा मोठा आहे, पण हे शब्द सारख्या मोलाचे नाहीत. नेहमीच्या लेखनातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पहिल्या दोन हजार कुटुंबांतच येतो. त्यापुढे महाविद्यालयीन पुस्तकांसाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २०००मध्ये ५७० कुटुंबांची यादी केली. ‘अ‍ॅनलाइज’, ‘कन्सेप्ट’, ‘सिग्निफिकंट’ अशा या शब्दांनी अभ्यासग्रंथांतला आणखी सुमारे दहा टक्के भाग भरतो. दोन हजार आणि ५७० ही मराठी माध्यमातून बारावी झालेल्या कोणत्याही मुलाच्या आवाक्यातली संख्या आहे. त्यातले कित्येक शब्द त्याला अर्धेमुर्धे येतही असतात.

स्पर्धा परीक्षांत समानार्थी शब्दांच्या प्रश्नांत अवघड शब्द येतात, हे खरं आहे, आणि त्यांची तयारी करावीच लागते. पण त्याच पेपरात उतारा असतो, गाळलेल्या जागा असतात, चूक शोधायची वाक्यं असतात. तिथे कस लागतो तो ‘टेक’, ‘मेक’, ‘गेट’, ‘डिपेन्ड’, ‘इन्सिस्ट’ यांचा. पाया पक्का करून अवघड शब्दांकडे गेलेला विद्यार्थी दोन्हीकडे टिकतो.

शब्दाचे सोबती

शब्द येणं म्हणजे त्याचा अर्थ सांगता येणं, असं आपल्या शाळांत मानलं जातं. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं हे अपुरं असल्याचं बजावलं. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची खरी ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हे त्यांचं सूत्र १९५७पासून भाषाशिक्षणात पायाभूत मानलं जातं.

मराठी माणसाला हे वेगळं पटवून द्यायला नको. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, आग लागते आणि एखाद्याचा लळाही लागतो. ‘लागणे’चा एकच अर्थ पाठ करून आलेल्या परदेशी माणसाची इथे कशी त्रेधा उडेल, ते आपण जाणतो. आपल्याला या जोड्या कुणी शिकवल्या नाहीत. त्या जोडीनंच कानावर आल्या आणि जोडीनंच तोंडात बसल्या. इंग्रजीतही ‘मिस्टेक’ला ‘मेक’ लागतं, ‘होमवर्क’ला ‘डू’, ‘फोटो’ला ‘टेक’, ‘अटेन्शन’ला ‘पे’. यामागचं कारण शोधत बसण्यापेक्षा जोडी लक्षात ठेवावी. तीन रकान्यांच्या वहीत नेमकी याच जोडीला जागा नसते. ‘अटेन्शन – लक्ष’ लिहिण्याऐवजी ‘पे अटेन्शन टू’ असा सबंध तुकडा आणि त्याखाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहिलं, तर त्या नोंदीचं मोल कितीतरी वाढतं.

परभाषा शिकणाऱ्याला हीच मदत लागते, हे ओळखून ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना एक कोश रचला. १९४२मध्ये तो टोकियोत निघाला, १९४८मध्ये ऑक्सफर्डनं छापला, आणि आज आपण ज्याला ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणतो तो हाच. क्रियापदापुढे काय येतं, नाम अनेकवचनात जातं की नाही, कोणतं शब्दयोगी जोडायचं, हे तो सांगतो. १९८७मध्ये बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली निघालेला ‘कोबिल्ड’ तर अर्थच पूर्ण वाक्यात देतो.

आपल्याकडेही याची जुनी परंपरा आहे. जेम्स मोल्सवर्थ हा लष्करी अधिकारी मराठी शिकला आणि पंडितांच्या मदतीनं त्यानं १८३१मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्यात शब्दाबरोबर वाक्प्रचार आहेत, म्हणी आहेत, जोडशब्द आहेत. परभाषेत शिरलेल्या माणसाला शब्दाचा गोतावळा हवा असतो, हे त्याला स्वानुभवानं कळलं होतं. आज इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या हाती मात्र बहुतेकदा एका शब्दासमोर एक अर्थ देणारा खिशातला कोश किंवा मोबाइलवरचं भाषांतर पडतं. अर्थ पटकन कळायला ते चालतं. पण वाक्य लिहायचं असेल, तर परभाषिकांसाठीचा कोश उघडायची सवय शाळेतच लागली पाहिजे.

आठवण्यातून शिकणं

रोज वीस शब्द पाठ करूनही ते का टिकत नाहीत, याचा शोध जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ केले आणि ते पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात, हे वेगवेगळ्या अंतरानं मोजलं. एका तासात निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेली होती. एका दिवसानं तिसरा हिस्सा उरला होता. महिन्यानं पाचवा हिस्सा. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार आणि नंतर मंद असतो. त्यामुळे उजळणी एका बैठकीत दहादा करण्यापेक्षा वाढत्या अंतरानं चार-पाचदा केलेली जास्त टिकते.

दुसरी गोष्ट अलीकडे पक्की झाली. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द अर्थांसह शिकवले. काहींनी एकदा जमलेला शब्दही स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिला. काहींनी जमलेला शब्द विचारणं सोडलं आणि तो नुसता वाचत राहिले. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ८० टक्के शब्द आले, दुसऱ्याला निम्मेही नाहीत. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण तो येतो असं समजतो. अर्थ झाकून आठवण्याचा प्रयत्न केला, की खरी स्थिती कळते आणि त्या प्रयत्नानंच तो पक्का होतो.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणणारी युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. तिला खर्च शून्य. मिठाईचा रिकामा खोका घ्यायचा आणि पुठ्ठ्यानं त्याचे पाच कप्पे करायचे. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापायच्या. एका बाजूला मराठीत ‘माझ्याकडून चूक झाली’, दुसऱ्या बाजूला इंग्रजी वाक्य. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. तो कप्पा रोज काढायचा. मराठी वाचून इंग्रजी मोठ्यानं म्हणायचं, मगच चिठ्ठी उलटायची. बरोबर आली तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकली तर ती कुठल्याही कप्प्यातली असो, पहिल्यात परत येते. दुसरा कप्पा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. आलेल्या शब्दांवर वेळ जात नाही आणि न आलेला शब्द पाठ सोडत नाही. ‘अंकी’सारखी मोबाइल अ‍ॅप्स हाच हिशेब आपोआप करतात. पण स्वतःच्या हातानं लिहिलेली, स्वतःच्या वाक्याची चिठ्ठी विकतच्या तयार यादीपेक्षा जास्त लक्षात राहते, कारण ती लिहितानाच डोकं चाललेलं असतं. रोज वीस नवे शब्द घेण्याऐवजी सात-आठ घ्यावेत आणि उरलेला वेळ जुन्यांना द्यावा.

गोष्टींच्या पुस्तकांचा पूर

चिठ्ठ्यांनी शब्दाशी ओळख होते. तो अंगवळणी पडायला मात्र वाचन लागतं. याचा एक विलक्षण पुरावा १९७८च्या एका प्रयोगात आहे. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या १९६२च्या कादंबरीत तरुणांची एक बनवलेली बोली आहे. तिच्यातले शेकडो शब्द बहुतांशी रशियन मुळाचे आहेत. नेशन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी वाचकांना ही कादंबरी शब्दसूची न देता वाचायला दिली. त्यांना शब्दांची परीक्षा होणार हेही सांगितलं नव्हतं. नंतर घेतलेल्या चाचणीत वाचकांना सरासरी तीन चतुर्थांश शब्दांचे अर्थ बरोबर ओळखता आले. जे शब्द पुस्तकात वारंवार आले होते, ते जास्त पक्के झाले होते. किती भेटींनी शब्द बसतो याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत सहापासून सोळापर्यंत आहेत, पण एका भेटीत तो बसतो असं कुणीच म्हणत नाही.

आपल्या शाळांना याहून जवळचा दाखला फिजीचा आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८०च्या सुमारास तिथल्या ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना अडीचशे चित्रमय इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली. या मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती आणि घरी पुस्तकं जवळपास नव्हतीच. रोज ठरावीक वेळ शिक्षकानं गोष्ट वाचून दाखवायची किंवा मुलांनी मनात वाचायचं, एवढाच कार्यक्रम. आठ महिन्यांनी या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्याची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगानं झालेली दिसली. दुसऱ्या वर्षी हा फायदा व्याकरणात आणि लेखनातही उतरला, तोही व्याकरणाचे जादा तास न घेता. हा प्रयोग जगभर ‘बुक फ्लड’ म्हणून ओळखला जातो.

वाचायला काय द्यायचं, हे मात्र नीट ठरवावं लागतं. सुरुवातीलाच इंग्रजी अग्रलेख हातात दिला तर पन्नासात दहा शब्द अडतात आणि मूल वाचन सोडतं. त्यासाठी पायरीपायरीची पुस्तकं असतात. ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’ची पहिली पायरी चारशे मूळ शब्दांत लिहिलेली आहे, सहावी अडीच हजारांत. ‘प्रथम बुक्स’नं २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’वर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य मिळतात. तिथे एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत वाचता येते. आधी मराठीत वाचून गोष्ट कळली, की इंग्रजी वाचताना सगळं लक्ष शब्दांकडे देता येतं.

मराठी आडवी येत नाही

इंग्रजी यायची तर मराठी बाजूला ठेवावी लागते, हा समज घराघरांत आहे आणि तो मुलांचं नुकसान करतो. शब्दसंग्रहाच्या बाबतीत तर मराठी मोठा आधार आहे. आहार, विहार, संहार, प्रहार, उपहार हे शब्द एकाच धातूला उपसर्ग लागून झाले, हे मराठी माध्यमातलं मूल शाळेतच शिकतं. तीच नजर ‘ट्रान्सपोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट’, ‘रिपोर्ट’ यांकडे वळवली, की ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं हे लॅटिन मूळ दिसतं आणि चार शब्द एकदम हाताशी येतात. भुई, भूमी आणि जमीन हे तिन्ही शब्द आपण वेगवेगळ्या जागी वापरतो. एक प्राकृतातून आला, एक संस्कृतातून, एक फारसीतून. इंग्रजीतही ‘बिगिन’ हा मूळचा, ‘कमेन्स’ फ्रेंचमधून आलेला आणि ‘इनिशिएट’ लॅटिनमधून. घरगुती शब्द कोणता आणि दरबारी कोणता, ही जाण मराठी मुलाला आधीच असते.

शिवाय आपल्या रोजच्या मराठीत शेकडो इंग्रजी शब्द आधीच नांदत आहेत : तिकीट, नर्स, स्क्रीन, चार्जर, फ्यूज. हे फुकट मिळालेलं भांडवल आहे. काहींचा अर्थ मात्र इथे येऊन बदलला, तो जाणून घ्यावा लागतो. आपलं हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा, इंग्रजाचं हॉटेल म्हणजे मुक्कामाची. आपली लाइट जाते, त्याची ‘पॉवर’ जाते. आपल्याकडे मोबाइलला रेंज नसते, त्याच्याकडे ‘सिग्नल’. शिक्षकानं एक तास मुलांकडूनच असे शब्द फळ्यावर गोळा केले, तर ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आपल्याला किती येतं ते डोळ्यांनी दिसेल.

आता काय करायचं

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं मिळतात. हा काळ पुष्कळ आहे. अडचण आहे ती त्या दहा वर्षांत इंग्रजी शब्द किती वेळा भेटतात याची. पाठ्यपुस्तकातला धडा एकदा होतो, प्रश्नोत्तरं उतरवून घेतली जातात, आणि त्यातला शब्द पुन्हा कुठे दिसत नाही. शहरातल्या सुखवस्तू मुलाला तोच शब्द घरात, टीव्हीवर, नातेवाइकांच्या बोलण्यात पुन्हा भेटतो. वस्तीशाळेतल्या मुलाला तो फक्त शाळेतच भेटणार असतो. म्हणून या भेटी घडवणं हे शाळेचं काम आहे. हा प्रश्न न्यायाचाही आहे.

हिशेब करून पाहू. मूल मिनिटाला साठ शब्द अशा संथ गतीनं वाचतं असं धरलं, तरी रोज दहा मिनिटांत सहाशे शब्द होतात. शाळेच्या दोनशे दिवसांत एक लाख वीस हजार. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत सात लाखांहून अधिक. एवढ्या वाचनात नेहमीचे दोन हजार शब्द किती वेळा डोळ्यांखालून जातील, याची कल्पना करा. यासाठी नवा शिक्षक लागत नाही, नवी इमारत लागत नाही. वर्गात पुस्तकांची एक पेटी लागते, वेळापत्रकात दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांत प्रश्नोत्तरं न विचारण्याचा संयम लागतो. गावचे माजी विद्यार्थी, गणेश मंडळं, ग्रामपंचायती शाळेला रंग देतात, संगणक देतात. त्यांनी एकेका वर्गाची पेटी उचलली, तरी फार मोठं काम होईल.

अभ्यासिकेत बसलेल्या मुलांना सहा वर्षं थांबता येणार नाही. त्यांनी वर्णमालेची यादी बंद करावी. दोन हजारांची यादी समोर ठेवून न येणाऱ्या शब्दांवर खूण करावी, त्यांच्या जोड्या लिहाव्यात, खोका भरावा, आणि रोज अर्धा तास झेपेल असं काहीही इंग्रजीत वाचावं. सहा महिन्यांत उतारा वाचण्याच्या गतीत फरक दिसेल. मेहनतीचा वाटा या मुलांनी केव्हाच उचलला आहे. योग्य शब्द निवडून देण्याचा आणि ते पुन्हा पुन्हा भेटवण्याचा वाटा शिक्षकांचा, पालकांचा आणि शासनाचा आहे, आणि तो उचलायला आणखी एक पिढी थांबण्याचं काहीही कारण नाही.